मुहूर्ताच्या तासाला रस्ता किती भरेल?

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका वाढत्या गावातून, नगरपरिषदेच्या हद्दीतून, एका शिक्षिकेने लिहिलं आहे. त्यांच्या कॉलनीच्या तोंडाशी ३० गुंठे मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात ती निवासी विभागात येते. मालकाला ती वाणिज्य विभागात घेऊन खाली सुपरमार्केट आणि वर मंगल कार्यालय बांधायचं आहे. नगरपरिषदेने फेरबदलाची सूचना काढून हरकती मागवल्या आहेत. अर्जासोबतचा वाहतूक अहवाल म्हणतो: रोज सरासरी ४२० फेऱ्या, गर्दीच्या तासाला ४२, रस्त्याची क्षमता ताशी १५००, सबब परिणाम नगण्य. ही मोजणी मे महिन्यातली आहे. कॉलनीच्या समितीने ‘तुम्ही गणिताच्या बाई, हा अहवाल तुम्हीच खोडा’ म्हणून काम त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी दोन सहकाऱ्यांना घेऊन संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा रस्ता मोजला, तर तो जेमतेम अर्धा भरलेला निघाला. समिती म्हणते, हा आकडा दाखवू नका, गुरुवारी बाजाराच्या दिवशी पुन्हा मोजा. त्यात अर्जदार त्यांचाच माजी विद्यार्थी. ‘खरा आकडा दिला तर कॉलनीशी दगा, नाही दिला तर स्वतःशी. काय करू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार बाई,

आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवतो. तुमचा आकडा खुशाल दाखवा. तो कॉलनीच्या विरोधात जात नाही, उलट तुमची बाजू त्यानेच भक्कम होईल. तुमची समिती आणि अर्जदाराचा सल्लागार एकमेकांच्या विरोधात उभे असले तरी दोघांनी एकच गोष्ट धरून ठेवली आहे: रस्त्यावर किती गाड्या वाढणार यावरच सगळं ठरणार. म्हणून एकाला आकडा लहान हवाय, दुसऱ्याला मोठा. मंगल कार्यालयाच्या बाबतीत ही धारणाच तपासायला हवी.

पण सुरुवात तुमच्या मोजणीपासून करू. त्या तासाला तुम्हाला ३८० दुचाकी, ९० मोटारी, ४० रिक्षा, ३० सायकली, २० छोटे टेम्पो आणि ६ बसगाड्या दिसल्या. या सगळ्यांची सरळ बेरीज करून चालत नाही, कारण बस आणि सायकल रस्त्यावर सारखी जागा घेत नाहीत. म्हणून प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात बदलून घेतात. अहवालात ‘पीसीयू’ लिहिलेलं असतं ते हेच. शहरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, १९९० ची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०६. तिच्यात दुचाकीला दोन गुणक दिलेत. एकूण वाहनांत दुचाकी ५ टक्क्यांपर्यंत असतील तर ०.५, आणि १० टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर ०.७५. तुमच्या रस्त्यावर शंभरातली ६७ वाहनं दुचाकी आहेत. तरी अहवालात सरसकट ०.५ वापरलाय, असं तुम्ही पाठवलेल्या पानावर स्पष्ट दिसतं. एवढ्या एका गुणकाने तुमच्या ३८० दुचाकी २८५ च्या ऐवजी १९० होतात. योग्य गुणक लावले की तुमच्या तासाची बेरीज साधारण ४९० येते.

आता क्षमता. अहवालातले १५०० कुठून आले? त्याच मार्गदर्शिकेतून, दोन पदरी दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यासाठी. पण तिथे एका रुंदीला तीन आकडे दिलेत. ज्या मुख्य रस्त्याला घरं-दुकानं थेट उघडत नाहीत, कडेला गाड्या उभ्या राहत नाहीत आणि आडवी ये-जा फारशी नाही, त्याला १५००. घरं-दुकानं उघडतात पण गाड्या उभ्या राहत नाहीत, त्याला १२००. आणि ज्याला दारं उघडतात, कडेला गाड्या उभ्या असतात, माणसं-जनावरं मध्येच आडवी जातात, त्याला ९००. तुमचा रस्ता कागदावर १२ मीटर असला तरी डांबर ७ मीटरच आहे, दोन्ही कडांना उघडं गटार आणि टपऱ्या आहेत. तो ९०० वालाच. ४९० भागिले ९००, म्हणजे साधारण ५४ टक्के. तुम्हाला ‘जेमतेम अर्धा’ दिसला तो बरोबरच दिसला.

इथे कुणी म्हणेल, मग अहवालाचंच खरं ठरलं की, अजून जागा आहे! थांबा. अहवालातला खरा दोष अजून पुढेच आहे, आणि तो सरासरीत आहे.

लग्नं वर्षभर सारखी पसरून होत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो आणि आषाढापर्यंत चालतो. चातुर्मासात कार्यालयं बरीचशी रिकामी असतात. आता काढीव मुहूर्तावरही लग्नं लागतात हे खरं, पण पंचांगातला चांगला दिवस असला की गावातली सगळी कार्यालयं एकाच दिवशी भरतात. समजा वर्षात ६० दिवस हे कार्यालय भरलं आणि प्रत्येक लग्नाला येण्याजाण्याच्या मिळून ५०० फेऱ्या झाल्या. वर्षाच्या झाल्या ३०,०००. त्याला ३६५ ने भागा, रोजच्या ८२ उरतात. मग त्याचे दहा टक्के म्हणजे गर्दीचा तास, असा ठोकताळा लावला की कार्यालयाच्या वाट्याला ताशी आठ गाड्या येतात. ताशी आठ गाड्या येणारं लग्नघर तुमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलालाही खरं वाटणार नाही. वर्गाला सरासरी शिकवताना ती कुठे वापरू नये हे तुम्ही सांगतच असाल. ते उदाहरण इथे सुनावणीत द्या.

मग मोजायचं काय? भरलेल्या दिवसाचा मुहूर्ताचा तास. नकाशात ९०० पानांचं सभागृह आहे. ही वाटणी माझी, नमुन्यापुरती: ३०० माणसं वऱ्हाडाच्या ६ बसमधून आली, ३६० जण दोघे-दोघे १८० दुचाकींवरून आणि २४० जण चौघे-चौघे ६० मोटारींतून. पीसीयूत हे साधारण २१० होतात. मुहूर्त १२.३५ चा असेल तर यातले सत्तर टक्के तरी आधीच्या तासाभरात येतील. म्हणजे दीडशेच्या आसपास. दुपारी रस्त्यावरची मूळ रहदारी ३०० धरली तरी बेरीज ४५० होते. पुन्हा निम्माच!

म्हणजे पळत्या गाड्यांचा हिशेब केला तर मुहूर्ताच्या दिवशीही तुमचा रस्ता भरत नाही. हे ऐकून समितीला वाईट वाटेल, पण पुढचं ऐका. या गाड्या नुसत्या पुढे निघून जाणार नाहीत. त्या तिथेच तीन-चार तास थांबणार आहेत. एका मोटारीला वळायच्या जागेसह साधारण २५ चौरस मीटर लागतात. ६० मोटारींना १५०० झाले. दुचाकींना तीन-तीन धरले तर आणखी ५४०. अख्खी जागा ३० गुंठे, म्हणजे साधारण ३००० चौरस मीटर. त्यात इमारत आहे, तिच्याभोवती मोकळी सोडायची सामासिक अंतरं आहेत, मागे आचाऱ्यांची चूल आणि भांडी घासायची जागा आहे. नकाशात ३५ मोटारी आणि १०० दुचाकींची सोय दाखवलीय असं तुम्ही लिहिलंय. मग २५ मोटारी आणि ८० दुचाकी बाहेर राहतात. एका मोटारीला सहा मीटर लांबी धरली तर रस्त्याच्या एका कडेला दीडशे मीटरची रांग लागते. कडेला गटार आणि टपऱ्या असल्याने ती रांग डांबरावरच लागणार. ७ मीटरमधले दोन-अडीच मीटर तिने खाल्ले, समोरच्या कडेला दुचाकींनी दोन खाल्ले. मधे उरलं अडीच-तीन मीटर, आणि बसची रुंदी असते अडीच मीटर. ४५० गाड्या ९०० च्या रस्त्यावर आरामात जातात हा हिशेब तिथेच संपतो, कारण तो ९०० चा रस्ताच आता राहिलेला नसतो.

तुमच्या हरकतीचा गाभा हा आहे. गाड्या किती येतील यापेक्षा त्या कुठे थांबतील हे विचारा.

दुसरी जागा फाटकाची. कोणत्याही कार्यालयाच्या फाटकाशी मुहूर्ताआधी अर्धा तास उभं राहून बघा. पहिली मोटार आत वळते आणि थांबते. काच खाली होते, ‘आत जागा आहे का?’ वॉचमन हात हलवून मागे बोट दाखवतो. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या आजी म्हणतात, मला इथंच उतरवा. दार उघडतं, आजी सावकाश उतरतात, मग आहेराची पिशवी, मग नऊवारी सावरत काकू. मागची गाडी निम्मी रस्त्यावर, तिच्या मागे दूधवाल्याचा टेम्पो, आणि तेवढ्यात नवरदेवाची वरात बँजोसकट चौकातून वळते. यात कुणाचीही चूक नाही, लग्न असंच असतं. पण हिशेब करा. वरच्या उदाहरणात शेवटच्या वीस मिनिटांत ८० गाड्या आल्या आणि प्रत्येकीने फाटकात सरासरी १५ सेकंद घेतले, तर बरोबर वीस मिनिटं झाली. एक आजी जास्त सावकाश उतरल्या की रांग रस्त्यावर. फाटक रस्त्याला चिकटून असेल तर पहिली थांबलेली गाडीच रस्ता अडवते. तेच पंधरा-वीस मीटर आत असेल तर तीन-चार मोटारी आतल्या आत थांबतात. अहवालात फाटकाचा एका ओळीनेही विचार नाही.

आणि तुमची शाळा. सकाळचं सत्र साडेबाराला सुटतं, दुपारचं भरतं, आणि दोन्हीकडची मुलं हाच रस्ता ओलांडतात असं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. बाई, ते पहिल्या पानावर यायला हवं. दुपारच्या मुहूर्ताची घाई आणि मुलांची ओलांडणी एकाच अर्ध्या तासात येतात. सल्लागाराने मोजणी मे महिन्यात केली, तेव्हा शाळेला सुट्टी होती. त्याच्या तक्त्यात पादचाऱ्यांचा रकानाच नाही. शाळा सुरू असलेल्या दिवशी १२ ते १ मध्ये किती मुलं कुठून ओलांडतात एवढी एकच मोजणी तुम्ही नव्याने करा. गुरुवारच्या बाजारापेक्षा ती मोलाची आहे.

सुपरमार्केटचं थोडक्यात. त्याची गर्दी वेगळी: संध्याकाळची, रविवारची, पगार झाल्यानंतरच्या आठवड्याची. अशा अहवालांत फेऱ्यांचा दर कित्येकदा अमेरिकेतल्या आयटीई या संस्थेच्या ट्रिप जनरेशन मॅन्युअलवरून उचललेला असतो. ते तिकडच्या, मोटारीने खरेदीला जाणाऱ्या वस्त्यांवर बेतलेलं आहे. आपल्याकडे पिशवी घेऊन चालत येणारे किती, दुचाकीच्या पुढ्यात गव्हाचं पोतं ठेवून नेणारे किती, हे त्यात कुठून कळणार? शेजारच्या तालुक्याच्या गावी त्याच आकाराचं दुकान असेल तर तिथे एका संध्याकाळी तासाला किती बिलं फाटतात आणि गिऱ्हाईक कशाने आलंय हे दारात उभं राहून मोजा. यात एक गोष्ट अर्जदाराच्या बाजूची आहे, तीही लिहा. येणाऱ्यांतले बरेच जण एरवीही याच रस्त्याने घरी जाणारे असतील. ती रहदारी नवी नाही, फक्त वळणं आणि थांबणं नवं. तसंच, आज तुमच्या गावची लग्नं तालुक्याला जात असतील तर ते जाणं वाचेल. हे तुम्ही स्वतःहून मान्य केलंत की बाकीच्या मुद्द्यांना वजन येतं.

गुरुवारच्या बाजाराबद्दल समितीचं सगळंच चूक नाही. वर्षात ५२ गुरुवार येतात, तो दिवस मोजायलाच हवा. चूक आहे ती फक्त तोच दाखवण्यात. सल्लागाराने सोयीचा महिना निवडला म्हणून आपण सोयीचा वार निवडला, तर सुनावणीत तो तुम्हाला एवढंच विचारेल, ‘बाजार नसेल तेव्हा किती?’ आणि तुमच्याकडे आकडा असून तुम्ही गप्प बसाल. तिथून पुढे तुमच्या फाटकाच्या मुद्द्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. दोन्ही दिवस मोजा, शेजारी-शेजारी मांडा. मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत करा, प्रत्येक दिशेला वेगळा माणूस बसवा, वर तारीख, वार, हवामान आणि शाळा चालू होती का ते लिहा. कुणाच्या गच्चीतून मोबाइलवर चित्रण करून ठेवलंत तर ज्याला शंका आहे त्याला पुन्हा मोजता येईल.

आणखी एक धारणा आहे, ती तुमच्या पत्रातही दिसते: ‘मंगल कार्यालय आणि सुपरमार्केट होणार’. आत्ता जी सूचना निघालीय ती जमिनीचा विभाग बदलण्याची आहे. विभाग एकदा बदलला की तो जमिनीला चिकटतो, आजच्या नकाशाला नाही. उद्या मालकाने जागा विकली आणि नव्या मालकाला तिथे वाणिज्य विभागात चालणारं दुसरं काही, याहून जास्त गर्दी खेचणारं, बांधायचं असेल, तर विभागाच्या नावाखाली त्याला अडवता येणार नाही. म्हणून अहवालाने आजचा नकाशाच नव्हे, तर त्या विभागात त्या जागेवर जास्तीत जास्त काय होऊ शकतं, याचाही हिशेब दिला पाहिजे. ही मागणी रास्त आहे, आणि अशा सुनावण्यांमध्ये ती फार कमी लोक करतात.

आता तुम्ही नेमकं काय मागावं? सरसकट नकार मागू नका असं माझं मत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाला अंतिम मंजुरी राज्य शासन देतं, आणि ती देताना अटी घालायचा अधिकार त्याच कलमात आहे. अटी मागताना एक फरक सांभाळा. वरात शाळेच्या वेळेत रस्त्यावर आणणार नाही, दारात दोन वॉचमन ठेवू, मालाचे ट्रक सकाळी लवकर येतील, या वागण्याच्या अटी झाल्या. पहिल्या हंगामात त्या पाळल्या जातात, पुढे तपासायला कुणी फिरकत नाही. फाटक वीस मीटर आत, येण्याचं आणि जाण्याचं दार वेगळं, बस आत वळून माणसं उतरवेल एवढी मोकळी जागा, रस्त्यालगत पदपथ, आणि पार्किंग पुरत नसेल तर सभागृहच लहान, या बांधकामात उतरणाऱ्या अटी. नकाशात बसल्या की मालक बदलला तरी राहतात. जोर यांच्यावर द्या. सल्लागार म्हणेल, पार्किंग २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतल्या तक्त्याप्रमाणे आहे. असेलही. तक्ता किमान किती ते सांगतो. या रस्त्यावर, या शाळेसमोर तेवढं पुरतं का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. आणि ३० गुंठ्यांत ९०० पानांचं पार्किंग कुठल्याच रीतीने बसत नाही असं निघालं, तर मात्र ठाम हरकत घ्या. तेव्हा ती घ्यायला तुमच्याकडे हिशेब असेल.

तुमच्या विद्यार्थ्याबद्दल. सुनावणीआधी त्याला घरी बोलवा आणि हेच कागद त्याच्यासमोर ठेवा. समितीला आधी सांगून, एखाद्या सदस्याला सोबत घेऊन. म्हणजे पुढे कुणाला कुजबुजायला जागा राहणार नाही. ज्या कार्यालयात पाहुण्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथे पुढच्या वर्षी लोक लग्न ठरवत नाहीत, हे त्याला धंद्याच्या दृष्टीनेही कळेल. तो बाजूची पाच-दहा गुंठे जागा पार्किंगला भाड्याने घेतो म्हणाला, तर करार किती वर्षांचा आणि नोंदणीकृत आहे का ते विचारा. तोंडी शब्दावर हरकत मागे घेऊ नका. तो तुमचा विद्यार्थी आहे म्हणून तुम्ही गप्प बसावं असं नाही, आणि समितीने सांगितलं म्हणून त्याच्याशी वैर धरावं असंही नाही.

शेवटी वेळेचं. कलम ३७ च्या सूचनेपासून हरकतीला एक महिना मिळतो. पूर्ण अहवाल माहिती अधिकारात मागवायचा म्हटलं तर उत्तराची मुदतच ३० दिवसांची, म्हणजे कागद हातात येईतो हरकतीची मुदत संपेल. त्यामुळे तो अर्ज टाकाच, पण वाट बघू नका. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन फाइल बघायला मागा, नकाशा आणि अहवालाच्या प्रती घ्या. हरकत लेखी द्या, प्रत्येक मुद्द्याखाली अहवालाचं पान आणि तुमचा आकडा लिहा, दोन्ही दिवसांचे मोजणीतक्ते जोडा, सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे असं शेवटी नमूद करा, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.